काठी डाव्या हातात

"ताई, नमस्कार. माझं वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मुलगा, सून आणि नातीबरोबर राहते. तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला. तेल, शेक, पट्टा, गोळ्या, गुडघ्यात दोन इंजेक्शनं, सगळं झालं. गेल्या दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला आणि म्हणाले, गुडघा ठीक आहे, उजवा खुबा झिजलाय. आता मांडी घालता येत नाही. पायाची नखं कापता येत नाहीत आणि सुनेला सांगायची लाज वाटते. एसटीची पायरी चढवत नाही. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण सगळीकडे खाली बसायचे संडास. भजनी मंडळ सोडलं. सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीवर, देवापुढे उंच बसल्यासारखं वाटतं. मुलगा म्हणतो, आई, फिरू नकोस, जितकं चालशील तितकं झिजेल. शेजारच्या वहिनी म्हणतात, खुब्याचं ऑपरेशन झालं की माणूस अंथरुणाला खिळतं. काठी आणून ठेवलीय, पण ती घेऊन गल्लीतून जायचं म्हणजे माझेच विद्यार्थी भेटतात. मी काय करू? — एक निवृत्त शिक्षिका"

बाई, नमस्कार.

तुम्ही मला ताई म्हटलंत, पण शाळेतल्या बाईंना बाई सोडून दुसरं काही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा बाईच म्हणते.

तुमच्या पत्रात दुखतं किती, याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. बाकी सगळं पत्र काय काय सुटलं त्याचं आहे. मांडी सुटली, एसटी सुटली, भजन सुटलं, बाहेर पडताना पाणीसुद्धा सुटलं. इतकी वर्षं फिजिओथेरपी करताना खुब्याच्या पेशंटचं मी हेच पाहिलंय. ही माणसं कण्हत येत नाहीत. एकेक काम गुपचूप सोडून देत राहतात आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. म्हणून मी औषधांपासून सुरुवात करत नाही. जे सुटलंय ते परत कसं आणायचं, ते लिहिते. सगळं परत येणार नाही. मांडी बहुतेक येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण एसटी येईल, भजनही येईल.

आधी मुलाच्या म्हणण्याबद्दल. तो काळजीपोटी बोलतोय, पण ते बरोबर नाही. सांधा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे, की जितके किलोमीटर तितकी झीज. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो आणि दोघांवरही कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण तिच्यात झिरपायला सांध्यावर भार यावा लागतो आणि उतरावा लागतो, ओला स्पंज दाबावा आणि सोडावा तसा. बसून राहिलात तर कूर्चेचं पोषण अडतं आणि खुब्याभोवतीचे स्नायूही बारीक होत जातात. मग दहा पावलं चाललं तरी जास्त दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. चालताना थोडं दुखलं म्हणजे आत काही मोडलं असा अर्थ होत नाही, हे तुम्हीही मनाशी पक्कं करा आणि मुलालाही सांगा.

तीन वर्षं गुडघ्यावर गेली याचं मला वाईट वाटलं. हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा काही अंशी त्याच आहेत, त्यामुळे बिघाड खुब्यात असतो आणि कळ गुडघ्यातून आल्यासारखी वाटते. शिवाय आपल्याकडे गुडघे झिजलेली माणसं घरोघरी, त्यामानाने खुबा झिजलेली कमी, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आधी गुडघ्याकडे जातं. खुब्याचं खरं दुखणं जांघेत असतं. कुठे दुखतं विचारलं तर पुष्कळ जण अंगठा मागे आणि चार बोटं जांघेकडे अशी कमरेखाली पकड घालून दाखवतात. घरच्या घरी बघायची एक खूण आहे. खुर्चीवर बसायचं, गुडघे जवळ ठेवायचे आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूंना न्यायची. झिजलेल्या खुब्याच्या बाजूचं पाऊल बाहेर जातच नाही, किंवा अगदी थोडं जातं. ही खूण म्हणजे निदान नव्हे, पण एक्स-रे कुठला काढायचा हे विचारायला पुरेशी आहे. आणि बाई, तो गुडघ्याचा पट्टा आता काढून ठेवा. तो काहीच करत नाहीये.

हे सदर तरुण माणसंही वाचतात, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. पस्तिशी-चाळिशीत जांघ दुखत असेल आणि पूर्वी कधी स्टेरॉइडची औषधं बरेच दिवस घेतली असतील, दारू जास्त होत असेल किंवा घरात सिकलसेल असेल, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता असते. ती सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि तिथे उशीर महागात पडतो.

आता काठी. बाई, माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात मोठा इलाज कोपऱ्यात उभा आहे आणि तुम्ही त्याला हात लावत नाही.

तुम्ही वर्गात तराजू शिकवला असेल. तोच इथे लावून बघा. डावा पाय पुढे टाकायला उचलता तेव्हा सगळं शरीर एकट्या उजव्या खुब्यावर येतं, पण ते खुब्याच्या बरोबर वर नसतं, डावीकडे असतं. कंबर डावीकडे कलंडू नये म्हणून उजव्या कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला ओढून धरतात. म्हणजे तराजूची एक दांडी लांब, तिच्यावर जवळजवळ सगळं शरीर, आणि दुसरी दांडी आखूड, तिथे हे स्नायू. आखूड दांडीला तोल सांभाळायचा तर जास्त जोराने ओढावं लागतं. शरीराचा भार आणि ही ओढ, दोघांची बेरीज मधल्या टेकूवर येते, आणि टेकू म्हणजे तुमचा खुबा. साध्या सपाट रस्त्यावर चालताना ही बेरीज वजनाच्या अडीच ते तीन पट होते. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला १५० ते १८० किलो.

काठी डाव्या हातात धरली की ती लांब दांडीला खालून टेका देते. हाताने थोडं दाबलं तरी स्नायूंना कितीतरी कमी ओढावं लागतं आणि खुब्यावरची बेरीज झपकन उतरते. म्हणून काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात. तुमचा उजवा खुबा, तर काठी डाव्या हातात. दहापैकी सहा-सात माणसं माझ्याकडे येतात ती दुखऱ्या बाजूला काठी धरून, कारण सिनेमात, नाटकात सगळीकडे तसंच दाखवतात. त्या हाताने हा फायदा मिळत नाही.

चालायची रीत अशी. काठी आणि उजवा पाय एकदम पुढे, मग डावा पाय काठीच्या थोडा पुढे. पहिले दोन दिवस गोंधळ होईल. अंगणात, कुणी बघत नसताना करा. काठीची उंची महत्त्वाची. नेहमीची चप्पल घालून सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा. मनगटावर जी घडी पडते तिच्या उंचीला मूठ यायला हवी, म्हणजे टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटक्या काठीने कंबर वाकते. भोकांची ॲल्युमिनियमची असेल तर उंची लावून घ्या, लाकडाची असेल तर सुतार कापून देईल. खालचं रबराचं बूच गुळगुळीत झालं की बदला, मेडिकलमध्ये किंवा सर्जिकलच्या दुकानात मिळतं. पावसाळ्यात हे आठवणीने बघायचं.

काठीबरोबर पिशवीचंही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. भाजीची पिशवी उजव्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूला. ऐकायला उलटं वाटेल, पण पुन्हा तराजू आठवा. डाव्या हातातलं दोन किलो लांब दांडीच्या टोकाला लटकतं आणि उजव्या खुब्यावर त्याचा भार कितीतरी पट वाढून पडतो. उजव्या हातातलं दोन किलो आखूड दांडीच्या बाजूला येतं आणि स्नायूंना उलट थोडी मदतच करतं. तसंही डावा हात काठीला लागणारच आहे. सामान जास्त असेल तर पाठीवरची सॅक सगळ्यात बरी.

विद्यार्थ्यांचं म्हणाल, तर बाई, ते तुम्हाला आत्ताही बघतातच. काठी नसताना तुम्ही दर पावलाला उजवीकडे झुकत चालत असणार. खुब्यावरचा भार कमी करायला शरीर आपोआप तसं करतं, आणि ते लांबून दिसतं. डाव्या हातात काठी आली की ते झुकणं कमी होतं, चाल सरळ होते. तुमची काठी बघून ज्याला वाईट वाटेल तो तुमच्यावर माया करणारा विद्यार्थी असेल. त्याला दोन मिनिटं थांबवून तराजू समजावून सांगा. त्याच्या घरीही कुणीतरी चुकीच्या हातात काठी धरून चालत असेल.

घरातलं आता. खुबा सकाळी आखडलेला असतो, थोडा वेळ हालचाल केली की सैल होतो. म्हणून उठायच्या आधी अंथरुणातच उजवं पाऊल गादीवरून सरकवत गुडघा वाकवा, सरळ करा, असं दहा-बारा वेळा. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर आता पलंग. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली की वरचा पाय खाली पडत नाही आणि रात्रीची कळ पुष्कळ कमी होते. बसायची खुर्ची अशी हवी की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहील. मऊ, खोल सोफा हा तुमचा शत्रू समजा. उठताना आधी कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, मग हातांवर जोर देऊन उठायचं.

कपडे घालताना दुखरा पाय आधी, काढताना दुखरा पाय शेवटी. परकर एका पायावर उभं राहून घालू नका, डोक्यावरून घाला. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, ती पायातून निसटत नाही. पट्टा वेल्क्रोचा असला म्हणजे झालं.

नखांबद्दल तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हाला किती अवघड गेलं असेल ते मला कळलं. पायाच्या बोटापर्यंत हात जायला खुबा वाकावाही लागतो आणि बाहेरच्या बाजूला वळावाही लागतो, आणि झिजलेल्या खुब्यात या दोन्ही गोष्टी जातात. म्हणून हे तुम्हाला जमत नाही, आळस किंवा जाडी याचा संबंध नाही. सुनेला एकदाच, साध्या शब्दांत सांगा: "माझा खुबा इतका वाकत नाही, पंधरा दिवसांतून एकदा नखं काढून देशील का?" तिला कदाचित तुम्ही का सांगत नव्हतात याचंच वाईट वाटेल. साखरेचा त्रास असेल तर नखं स्वतः ओढूनताणून कापूच नका, जखम झाली तर कळतही नाही.

संडास. उकिडवं बसायला खुबा जवळजवळ पूर्ण वाकावा लागतो, तुमचा तो आता वाकणार नाही आणि जबरदस्ती करण्यात काही मिळवायचंही नाही. घरात कमोड नसेल तर लगेच फोडतोड करायची गरज नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली चार पायांची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. कमोड असेल आणि बुटका असेल तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते. भिंतीला धरायला दांडा हवाच. नळाचा पाइप किंवा टॉवेलची सळई हा दांडा नव्हे, माणसाच्या वजनाने ती निघून येते. आंघोळीला उंच प्लास्टिकचं स्टूल, त्याच्या पायांना रबर असलेलं. रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा.

पाणी मात्र तोडू नका. सांगलीच्या उन्हात सकाळपासून पाण्याविना राहणं, त्यात तुम्ही वेदनाशामक गोळ्याही घेता, हे मूत्रपिंडाला फार वाईट आहे. लग्नकार्याला जायचं असेल तर आदल्या दिवशी कार्यालयात फोन करून विचारायला सुनेला सांगा की कमोड कुठल्या बाजूला आहे. आता बहुतेक कार्यालयांत एखादा असतो, फक्त कुठल्या खोलीत ते कुणाला माहीत नसतं. प्रवास लांबचा असेल तर वाटेत कमोड असलेलं ठिकाण कुठे आहे ते आधी ठरवून तिथेच थांबायचं.

स्वयंपाकघरात विळीवर बसणं संपलं, ओट्यावर चाकू आणि फळी. पोळ्या लाटायला ओट्याशी उंच स्टूल घ्या, अर्धवट टेकून उभं राहता येईल असं. आणि नळाशी दगडावर बसून कपडे धुणं, तेवढं आता दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

आता एसटी. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात एसटीने फिरता येतं, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणी त्या पहिल्या पायरीसाठी घरी बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पायरी चढताना चांगला पाय आधी, म्हणजे तुमचा डावा. उतरताना दुखरा पाय आधी, म्हणजे उजवा. असं केलं की शरीर उचलायचं आणि सावकाश खाली सोडायचं दोन्ही काम डावा पाय करतो. घरच्या जिन्यालाही हाच नियम, आधी तिथे सराव करा. एसटीत चढताना काठी आधी आत द्या, कुणाच्या तरी हातात किंवा वरच्या पायरीवर. दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दांडे धरा. कंडक्टरला स्पष्ट सांगा, "दादा, मला चढायला वेळ लागतो, घंटा मारू नका." फलाटावर गाडी लागली असताना चढणं सोपं, रस्त्यात हात करून थांबवलेल्या गाडीची पायरी फार उंच पडते, तेव्हा शक्यतो स्थानकातच चढा. आत कडेची जागा घ्या आणि उजवा पाय मधल्या वाटेकडे लांब करता येईल अशा बाजूला बसा. तासाभराने एकदा उभं राहा, नाहीतर उतरताना खुबा आखडलेला असेल.

चारचाकीत बसताना पाय आधी आत टाकायचा नाही. पाठ गाडीकडे करून आधी सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की वळायला सोपं जातं, वळून झालं की काढून घ्या. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसणं तूर्त टाळा.

भजनाबद्दल मी थोडी थांबून विचार केला, कारण तुमचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. सगळ्या खाली आणि आपण वर, देवापुढे, हे मनाला टोचतं आणि ते टोचणं खरं आहे. पण तुम्ही गेला नाहीत म्हणून मंडळात तुमचा टाळ कमी झालाय, हेही तितकंच खरं आहे. खुर्ची मधोमध ठेवूच नका. भिंतीला लागून, कडेला, मूर्तीच्या बाजूला तिरकी ठेवा. पाठ सरळ, बसायला साधारण १८ इंच उंच, हात असलेली. आणि माझा अनुभव सांगते: एक खुर्ची मांडली गेली की महिन्याभरात दुसरी येते. त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी दोघी-तिघी तरी उठताना शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून उठत असतील, आठवून बघा. कुणीतरी पहिली खुर्ची घ्यायची वाट बघत असतात त्या. मंडळाच्या प्रमुख बाईंना आधी घरी बोलावून सांगा, म्हणजे त्या दिवशी सगळ्यांपुढे समजावत बसावं लागणार नाही.

व्यायामाशिवाय हे सगळं टिकणार नाही. मी कागदावर बारा व्यायाम लिहून देत नाही. सुरुवातीच्या काळात द्यायचे. लोक आठवडाभर करायचे आणि सोडायचे, आणि दोष मी त्यांना द्यायचे. आता चारच देते. उंच खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. हात लावावेच लागले तर लावा, हळूहळू कमी करा. पलंगावर पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलायची, पाच आकडे मोजून खाली. ओट्याला धरून सरळ उभं राहून उजवा पाय बाजूला उचलायचा, मग डावाही, अंग न झुकवता. हा तिसरा सगळ्यात मोलाचा, कारण आखूड दांडीवरचे स्नायू हेच. चौथ्याला काही करायचंच नाही: जमत असेल तर दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं पोटावर झोपायचं. दिवसभर बसून खुबा पुढच्या बाजूने आखडतो, तो त्याने मोकळा होतो. पोटावर झोपल्यावर कंबर दुखली तर पोटाखाली पातळ उशी.

आणि चालणं. एकदम अर्धा तास नको. दहा मिनिटं सकाळी, दहा दुपारी चारनंतर, दहा संध्याकाळी, काठी घेऊन. प्रमाण कसं ओळखायचं? चालताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर उतरायला हवं. उतरलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं, थोडं कमी करा, पण बंद करू नका. फरक कळायला सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी "काही उपयोग नाही" असं ठरवू नका. तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. जास्त असेल तर इतकंच सांगते की उतरलेला प्रत्येक किलो खुब्याला दर पावलाला अडीच-तीन किलोंनी जाणवतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेडिकलमधून आणून रोज वेदनाशामक घेऊ नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. काही दिवसांपुरत्या, डॉक्टरांना तुमची बाकीची औषधं दाखवून घेतल्या तर त्यांचा उपयोग आहे. मलम चोळायला हरकत नाही, पण खुबा इतका खोल आहे की मलम तिथवर फारसं पोचत नाही. शेकाने स्नायूंना बरं वाटतं, तो घ्या. "सांध्याचं वंगण वाढवणाऱ्या" ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पेन्शन घालवू नका. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ च्या शिफारशींत त्या देऊच नका असं लिहिलंय. आणि नाव-पत्ता नसलेल्या पुड्या, ज्यांनी "दोन दिवसांत चालायला लागाल" असं सांगतात, त्या तर हातातही धरू नका. अशा पुड्यांत लपवून स्टेरॉइड घातलेलं सापडलेलं आहे.

राहिलं ऑपरेशन. शेजारच्या वहिनींनी बहुधा वेगळं काहीतरी पाहिलंय. आपल्याकडे म्हातारं माणूस पडतं, खुबा मोडतो, आधीच अशक्त असतं आणि मग अंथरुणाला खिळतं. तो अपघात आणि झिजलेला खुबा ठरवून बदलणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. खुबा बदलण्याची आजची पद्धत जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात बसवली, पोलादी गोळा आणि पॉलिथिलिनची वाटी. तेव्हापासून ती सुधारतच आलीय. बहुतेक पेशंटना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या लाखो ऑपरेशनांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात १०० पैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकलेले होते. धोके आहेत: जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, गोळा वाटीतून निसटणं, पायाच्या लांबीत किंचित फरक. डॉक्टरांकडून हे सगळं नीट विचारून घ्या. ऑपरेशननंतरही उकिडवं बसणं आणि मांडी घालणं यांना बहुतेक सर्जन मनाईच करतात, तेव्हा मांडीसाठी म्हणून ऑपरेशन करू नका.

कधी करायचं? एक्स-रेवरून ठरवू नका. एक्स-रे फार वाईट आणि माणूस मजेत चालतंय, असं मी कितीदा पाहिलंय, आणि उलटही. काठी, व्यायाम, घरातले बदल हे तीन-चार महिने मनापासून करा. त्यानंतरही रात्री कळेने झोप मोडत असेल, दोन गल्ल्याही चालवत नसेल, तर सर्जनला भेटा. आणि फार ताणूही नका, कारण पाय पार बारीक झाल्यावर केलेल्या ऑपरेशनला सावरायला जास्त वेळ लागतो. व्यायाम केलेला असेल तर तोही वाया जात नाही, ऑपरेशननंतर तेच स्नायू कामाला येतात. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तुमचं ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांनाच विचारा.

पडल्यानंतर पायावर अजिबात भार देता आला नाही, किंवा खुबा दुखतोय आणि ताप आलाय, तर मात्र यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे पत्र मुलाला वाचायला द्या. त्याला आईसाठी काहीतरी करायचंय, फक्त काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. या रविवारी त्याने दोन कामं करावीत. संडासाच्या भिंतीत ड्रिलने भोकं पाडून, चांगले फास्टनर घालून दांडा बसवावा आणि त्यावर आधी स्वतःचं वजन टाकून बघावं. आणि संध्याकाळी आईबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत जावं, तिच्या उजव्या बाजूने, कारण डावा हात काठीला लागेल.